दहा वर्षांनी पुन्हा बार परीक्षा: आधी जुने कलम क्रमांक विसरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ साली एलएलबी झालं, लगेच सनदही घेतली. २०१६ च्या ऑल इंडिया बार परीक्षेत ३७ गुण पडले, तीन गुणांनी परीक्षा हुकली. त्यानंतर ऐरोलीतल्या कंपनीच्या लीगल विभागात नोकरी केली, लग्न झालं, आडनाव बदललं. आता नोकरी सोडून ठाणे कोर्टात वकिली सुरू करायची आहे. इतक्या वर्षांनी परीक्षा देता येते का, सनदेचं काय, आणि विसरलेला अभ्यास भरून कसा काढायचा?

परीक्षा देता येते. वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही. पण अभ्यासाला हात लावण्याआधी तुमचे कागद तपासा, कारण तुमच्या परिस्थितीत खरी अडचण बऱ्याचदा तिथे असते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमाप्रमाणे २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे पदवी घेतलेल्यांना ही परीक्षा बंधनकारक आहे. त्याआधी पदवी घेतलेल्यांना ती लागू नाही, मग त्यांनी सनद उशिरा घेतलेली असली तरी. तुम्ही २०१५ च्या, म्हणून परीक्षा द्यावीच लागेल. सनद मिळाल्यापासून दोन वर्षं तात्पुरती वकिली करण्याची मुभा असते, ती तुमची केव्हाच संपली. तुमचं नाव रोलवर, म्हणजे बार कौन्सिलच्या वकिलांच्या यादीत, आहे, पण वकिली करण्याचा हक्क आज तुमच्याकडे नाही. ओळखीच्या सीनियरने ‘तोवर वकालतनाम्यावर सही कर’ असं म्हटलं तरी करू नका. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ४५ मध्ये हक्क नसताना वकिली केल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

ही परीक्षा कधीतरी रद्द होईल या आशेवर अनेक जण वर्षानुवर्षं थांबले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बॉनी फोई लॉ कॉलेज प्रकरणात बार कौन्सिलचा परीक्षा घेण्याचा अधिकार मान्य केला. आता थांबण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा नोकरीचा. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरताना तसं स्टेट बार कौन्सिलला कळवून सनद सस्पेंड करून घ्यायची असते. तुम्ही हे केलं होतं का? केलं असेल तर त्या पत्राची पोच शोधा. केलं नसेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला स्वतःहून लेखी कळवा: नोकरीची सुरुवातीची तारीख, पद आणि या काळात एकाही प्रकरणात हजर न राहिल्याचं निवेदन. वकिली पुन्हा सुरू करताना प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं, आणि त्यात नोकरीची वर्षं लपवली तर ती गैरवर्तणूक ठरते. स्वतः आधी सांगितलेली चूक दुरुस्त होण्यासारखी असते. कोणी तक्रार केल्यावर उघडकीस आली की तीच गोष्ट तुमच्यावर उलटते.

तिसरं, नाव. परीक्षेच्या फॉर्मवर सनदेवर आहे तेच नाव लिहा. आधारवर नवं आडनाव आणि सनदेवर माहेरचं, अशी तफावत असेल तर आधी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जोडून बार कौन्सिलच्या रोलवर नाव बदलून घ्या. त्याला वेळ लागतो. तोवर परीक्षेची तारीख आली तर सनदेवरच्या नावाने फॉर्म भरा आणि केंद्रावर विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत ठेवा.

आता परीक्षेकडे. तुम्ही दिली होती ती परीक्षा आता राहिलेली नाही. तेव्हा गाइडं, नोट्स, वह्या सगळं आत नेता येत होतं. २०२१ च्या सोळाव्या परीक्षेपासून फक्त बेअर अ‍ॅक्ट नेता येतो, म्हणजे फक्त कायद्याचा मूळ मजकूर असलेलं पुस्तक, तेही टीपांशिवाय. तेव्हा उत्तीर्ण व्हायला ४० टक्के पुरत. २०२३ च्या अठराव्या परीक्षेपासून खुल्या आणि इतर मागास वर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के लागतात. स्वरूप मात्र तेच आहे: १०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते.

भाषेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कॉलेज इंग्रजीत केलं असेल आणि कंपनीत दहा वर्षं इंग्रजीत करार वाचले असतील, तर मातृभाषा म्हणून मराठी पेपर निवडू नका. जामीन, दखलपात्र गुन्हा, वादपत्र हे शब्द सवयीचे असतात. पण एस्टॉपेलला ‘विबंध’ आणि रेस ज्युडिकाटाला ‘प्राङ्न्याय’ म्हणतात हे परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा कळलं तर मिनिटं जातात. शिवाय पेपर मराठी आणि हातातला बेअर अ‍ॅक्ट इंग्रजी असेल, तर प्रत्येक शोधात एक भाषांतर वाढतं. ज्या भाषेतला बेअर अ‍ॅक्ट हाताळायचा सराव आहे, त्याच भाषेतला पेपर घ्या.

‘सगळं विसरले’ ही तुमची भीती चुकीच्या जागी आहे. विसरलेलं कलम पुस्तकात सापडतं. घात होतो तो पक्कं लक्षात असलेल्या कलमामुळे, कारण ते पुस्तकात पाहायची गरजच वाटत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. दंड संहितेची ५११ कलमं होती, न्याय संहितेची ३५८ आहेत. नागरिक सुरक्षा संहितेत ५३१ आणि साक्ष्य अधिनियमात १७० कलमं आहेत. परीक्षेत या तीन कायद्यांना मिळून २६ गुण आहेत.

नुसता क्रमांक बदलला असता तर फारसं बिघडलं नसतं. अडचण ही आहे की जुन्या क्रमांकावर आता भलतंच कलम बसलं आहे. ४८२ म्हटलं की उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार आठवतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार ५२८ वर गेले. १४४ म्हटलं की जमावबंदी आठवते. नव्या संहितेत १४४ म्हणजे पत्नी, मुलं, आईवडील यांची पोटगी, आणि जमावबंदी १६३ वर. जुनं पोटगीचं १२५ आता शांतता राखण्याच्या जामिनाचं कलम आहे. ३०२ पाहून हात आपोआप ‘खून’कडे जाईल, पण न्याय संहितेत ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल आहे. खुनाची व्याख्या १०१ मध्ये आहे आणि शिक्षा १०३ मध्ये. प्रश्न काढणाऱ्याला चार पर्यायांत एक सापळा ठेवायचा असेल, तर जुना क्रमांक त्याच्यासाठी आयता आहे.

म्हणून पहिले दोन आठवडे एकच काम करा: एका वहीत हाताने जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता लिहा. बाजारात छापील तक्ते मिळतात, पण ते नुसते वाचून डोक्यातला जुना क्रमांक पुसला जात नाही, लिहूनच पुसला जातो. सगळी कलमं लिहू नका, साठ-सत्तर पुरेत. न्याय संहितेतून समान इरादा ३(५), कट ६१, बलात्कार ६३ आणि ६४, हुंडाबळी ८०, नवऱ्याकडून क्रूरता ८५, सदोष मनुष्यवध १०० आणि १०५, निष्काळजीपणाने मृत्यू १०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं १०८, खुनाचा प्रयत्न १०९, बेकायदेशीर जमाव १८९, चोरी ३०३, फसवणूक ३१८, बदनामी ३५६. नागरिक सुरक्षा संहितेतून अटकेऐवजी नोटीस ३५(३), एफआयआर १७३, मॅजिस्ट्रेटचा तपासाचा आदेश १७५(३), पोलिसांपुढचा जबाब १८०, मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब १८३, कोठडी आणि डिफॉल्ट जामीन १८७, दोषारोपपत्र १९३, खासगी फिर्याद २२३, आरोपीचा जबाब ३५१, जामीन ४७८ ते ४८३. साक्ष्य अधिनियमातून पोलिसांपुढचा कबुलीजबाब आणि त्यातून झालेला शोध २३, मृत्युपूर्व जबाब २६, तज्ज्ञाचं मत ३९, इलेक्ट्रॉनिक पुरावा ६३, पुराव्याचा भार १०४, विबंध १२१.

त्याच वहीत पूर्णपणे नव्या तरतुदींसाठी वेगळं पान ठेवा, कारण त्या तुम्ही कॉलेजात शिकलेल्याच नाहीत. समाजसेवेची शिक्षा न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये आली. संघटित गुन्हेगारी १११, दहशतवादी कृत्य ११३, हिसकावून चोरी ३०४. जात, धर्म, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेला खून १०३(२). नागरिक सुरक्षा संहितेत, तीन वर्षं किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी १७३(३). सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञाची भेट १७६(३). फरार आरोपीच्या गैरहजेरीत खटला ३५६. ३५६ हा क्रमांक दोन्ही संहितांत आहे, एकीकडे बदनामी आणि दुसरीकडे फरार आरोपी. क्रमांकापुढे संहितेचं नाव लिहायची सवय यासाठीच हवी.

जुने कायदे फेकून मात्र देऊ नका. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर शिक्षा जुन्या दंड संहितेप्रमाणेच होते, आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले, अपील जुन्या प्रक्रियेनेच पुढे चालतात. प्रश्नात गुन्ह्याची तारीख दिली असेल तर ती उगाच दिलेली नसते.

बाकी विषयांतही दहा वर्षांत बरंच हललं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानंतर जिल्हा आयोगाची मर्यादा आता ५० लाखांपर्यंत, राज्य आयोगाची ५० लाख ते २ कोटी, त्यावर राष्ट्रीय आयोग, आणि ती मोजायची मोबदला म्हणून दिलेल्या रकमेवर. विशिष्ट साहाय्य कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने करारपूर्ती ही न्यायालयाच्या मर्जीची बाब उरली नाही. मोटार वाहन कायद्यात १६३अ जाऊन १६४ आलं, दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. नुकसानभरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदतही परत आली. धनादेश न वटण्याच्या प्रकरणात १४३अ खाली २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई. मध्यस्थी कायदा २०२३ चा. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आणि आयकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून. निकालांपैकी खासगीपणाचा पुट्टस्वामी, तिहेरी तलाकचा शायरा बानो, व्यभिचाराचा जोसेफ शाइन, मुलींच्या समांशी हक्काचा विनीता शर्मा आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा अर्जुन पंडितराव खोतकर एवढे तरी नीट वाचा. शेवटचा आपल्याकडच्या जालन्याच्या निवडणुकीतला आहे.

गुणांचं गणित मांडलं की घाबरणं कमी होतं. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता यांना प्रत्येकी १० गुण. न्याय संहिता, साक्ष्य अधिनियम, कौटुंबिक कायदे, आणि करार-मालमत्ता-विशिष्ट साहाय्य-चलनक्षम दस्तऐवज हा गट, या चौघांना प्रत्येकी ८. म्हणजे सात शीर्षकांत ६२ गुण, आणि तुम्हाला हवेत ४५. व्यावसायिक नीतिमत्ता, लवाद, जनहित याचिका, कामगार कायदे आणि कर यांना प्रत्येकी ४. टॉर्ट, मोटार वाहन आणि ग्राहक संरक्षण मिळून ५, प्रशासकीय कायदा ३. कंपनी, पर्यावरण, सायबर, भूसंपादन आणि बौद्धिक संपदा यांना प्रत्येकी फक्त २. कंपनीत काम केलेले उमेदवार नेमके कंपनी कायद्यात रमतात, कारण तो ओळखीचा असतो. दोन गुणांसाठी दोन आठवडे घालवू नका. नीतिमत्तेचे चार मात्र सोडायचे नाहीत. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टची कलमं २४, २४अ, २९ ते ३८, ४५, ४९ आणि बार कौन्सिल नियमांचा भाग सहा, एवढ्यावर ते मिळतात. निकालांत मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात पक्षकारांची ओढाओढ करणाऱ्या वकिलांचं दाभोलकर प्रकरण वाचाच.

बेअर अ‍ॅक्ट घेताना दोन गोष्टी पाहा. एक, आवृत्ती ताजी हवी. घरात माळ्यावर असलेल्या प्रती रद्दीत द्या. दुरुस्ती आली आहे की नाही हे केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ संकेतस्थळावर ताडून पाहा. दोन, पानाच्या तळाशी किंवा कलमाखाली ‘टिप्पणी’, ‘निवाडे’, ‘शॉर्ट नोट्स’ असं काही छापलेलं नको. अशी पुस्तकं बेअर अ‍ॅक्टच्याच कव्हरमध्ये विकली जातात आणि केंद्रावर काढून घेतली जातात. ऐन वेळी पुस्तक गेलं की पुढचे तीन तास मनही थाऱ्यावर राहत नाही. फोर्टातल्या कायद्याच्या दुकानांत किंवा कोर्ट नाक्यावर घेताना दुकानातच चार पानं उलटून पाहा.

सात मोठ्या विषयांच्या प्रत्येकी दोन प्रती घ्या, एकाच प्रकाशकाच्या आणि एकाच आवृत्तीच्या. एकीवर मनसोक्त रेघा मारा, समासात लिहा. दुसरी कोरी ठेवा, ती परीक्षेसाठी. आवृत्ती एकच हवी, कारण सरावाने कलम पानावर कुठे आहे ते डोळ्यांना कळतं, उजव्या पानावर वर की डाव्या पानाच्या तळाशी. प्रकाशक बदलला की ही सवय वाया जाते. परीक्षेच्या प्रतीवर मार्कर, पेन्सिलीच्या खुणा, रंगीत चिकटपट्ट्या काहीही नको. एखाद्या पर्यवेक्षकाला चालेल, दुसऱ्याला चालणार नाही, आणि तुमच्या खोलीत कोण येईल ते हातात नसतं.

दहा आठवडे, रोज एक तास आणि शनिवार-रविवार तीन-तीन तास, म्हणजे ११० तास. मनापासून दिले तर पुरतात. पहिले दोन आठवडे वर सांगितलेली वही. पुढचे चार आठवडे सात मोठे विषय, पण वाचण्यापेक्षा शोधण्याचा सराव जास्त. मोबाइलवर चाळीस सेकंदांचा टायमर लावा, कोणाला तरी विषय सांगायला सांगा, ‘वादपत्र फेटाळणं’, ‘कॅव्हेट’, ‘सरकारला नोटीस’, आणि अनुक्रमणिकेतून आदेश ७ नियम ११, कलम १४८अ, कलम ८० काढून दाखवा. दिवाणी प्रक्रिया संहितेत उमेदवार सर्वांत जास्त अडखळतात, कारण १५८ कलमं आणि ५१ आदेश यांत नेमकं कुठे जायचं ते कळत नाही. अधिकार आणि तत्त्व कलमांत, पद्धत आदेशांत, एवढी खूणगाठ बांधली की निम्मा शोध वाचतो. सातवा-आठवा आठवडा लहान विषय. ठाणे-वाशी लोकलमधला अर्धा तास वहीच्या तक्त्यासाठी चांगला, बेअर अ‍ॅक्ट तिथे उघडत बसू नका.

शेवटचे दोन आठवडे जुने पेपर. यांत गफलत होते ती अशी: जुलै २०२४ च्या आधीच्या पेपरांची उत्तरं जुन्या कलमांत आहेत. तशीच सोडवली तर पुसत आणलेला क्रमांक पुन्हा पक्का होतो. प्रत्येक फौजदारी प्रश्नाचं उत्तर आधी नव्या कलमात लिहा, मगच पुढे जा. वेळ जास्त लागेल, पण याहून चांगला सराव दुसरा नाही. किमान तीन पेपर सलग साडेतीन तास बसून, छापील ओएमआरवर (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर), बॉलपेनने सोडवा.

साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं. पहिली ७० मिनिटं पुस्तक न उघडता येणारे प्रश्न. कलम क्रमांक विचारणारा फौजदारी प्रश्न मात्र कितीही खात्री वाटली तरी या फेरीत सोडवू नका. पुढची ९० मिनिटं पुस्तकातून, आणि इथे कायद्यानुसार सोडवा: सगळे साक्ष्य अधिनियमाचे प्रश्न एकदम, मग सगळे दिवाणी. प्रश्नाच्या क्रमाने गेलात तर दर दोन मिनिटांनी पुस्तक बदलावं लागतं, आणि कॉलेजच्या बाकावर तेवढी पुस्तकं उघडी ठेवायला जागा नसते. नंतरची ३० मिनिटं अडलेले प्रश्न. शेवटची २० ओएमआर तपासायला. गोल त्या त्या वेळीच भरा, शेवटी एकदम भरायला ठेवले की एक ओळ सरकते आणि पुढचे सगळे चुकतात. प्रश्नपत्रिकेचा सेट कोड पेपर हातात आल्याबरोबर भरा, तो नसेल तर उत्तरपत्रिका कोणत्या उत्तरतालिकेने तपासायची हेच ठरत नाही. आणि गुण कापले जात नसल्याने एकही गोल रिकामा सोडू नका.

परीक्षा बहुतेक वेळा रविवारी असते, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगा ब्लॉक असतो. कधी मेन लाइनवर, कधी हार्बरवर, कधी ठाणे-वाशी ट्रान्स हार्बरवर. आदल्या दिवशी ब्लॉकची वेळ पाहून घ्या आणि ब्लॉक सुरू होण्याआधीच्या गाडीने निघा. हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, सनदेची प्रत, दोन बॉलपेन. फोन शक्यतो घरीच.

परीक्षेनंतर आधी तात्पुरती उत्तरतालिका येते. तिच्यावर हरकत घ्यायची असेल तर प्रश्नागणिक शुल्क भरून, कलमाच्या मजकुरासह घ्यावी लागते. वादग्रस्त प्रश्न वगळले गेले तर टक्केवारी उरलेल्या प्रश्नांवर काढतात, म्हणून ४३-४४ वर अडकलात असं वाटलं तरी निकालाआधी निराश होऊ नका. उत्तीर्ण झाल्यावर सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस मिळतं. त्यानंतर नोकरीचा राजीनामा, कार्यमुक्तीचं पत्र, आणि कलम २४अ खाली कोणतीही अपात्रता ओढवलेली नाही असं प्रतिज्ञापत्र जोडून सनद पुन्हा चालू करण्याचा अर्ज. बार कौन्सिलचा तसा आदेश हातात आल्यावर मगच पहिला वकालतनामा दाखल करा, मग तो कोर्ट नाक्यावर असो की बेलापूरला.